हवामानबदल शाळेत शिकवताना : वालधुनीकाठचा अनुभव

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'हवामानबदल आणि शाश्वत विकास' असा भारदस्त विषय संस्थेने आम्हाला दिला आहे. आम्ही म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील माध्यमिक शाळांत विज्ञान, भूगोल आणि गणित शिकवणारे काही शिक्षक. आमच्यापैकी कोणीही हवामानशास्त्रज्ञ नाही. जे पुस्तकात छापलेले आहे ते आपण पुस्तकात वाचू शकता, त्यासाठी रविवारची सकाळ खर्च करण्याचे कारण नाही. आम्ही येथे सांगणार आहोत ते एवढेच, की हा विषय वर्गात नेला तेव्हा काय झाले, आमचे कोठे चुकले, आणि एका मुलीने विचारलेल्या प्रश्नापुढे आम्ही कसे गप्प झालो.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली आणि पुन्हा 2003 साली पर्यावरण शिक्षण शाळेत आलेच पाहिजे असे बजावले. त्यानंतर विषय सक्तीचा झाला आणि सक्तीच्या विषयाचे आपल्याकडे जे होते तेच त्याचेही झाले. प्रकल्पवही आली. प्रकल्पवही आली की स्टेशनरीच्या दुकानात तयार चित्रांचे तक्ते आले. तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी, बर्फाच्या तुकड्यावर उभे असलेले पांढरे अस्वल, आणि खाली 'झाडे लावा, झाडे जगवा'. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पर्यावरणीय व्यवस्थापन, हरितऊर्जा आणि आपत्ती व्यवस्थापन असे तीन चांगले धडे आहेत. धड्यांना आम्ही दोष देणार नाही. पण उल्हासनगरच्या कॅम्पातला मुलगा रंगीत पेन्सिली घेऊन उत्तर ध्रुवावरचे अस्वल काढतो आणि त्याच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून वाहणारी वालधुनी त्या वहीत कोठेच नसते, याचे आम्हाला वाईट वाटू लागले. त्याने अस्वल कधी पाहिले नाही. वालधुनीचा वास मात्र तो रोज घेतो.

म्हणून आम्ही नदीपासून सुरुवात केली. वालधुनी अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते. तेथे रेल्वेने इंग्रजांच्या काळात बांधलेले जीआयपी धरण आहे, आणि त्याच परिसरात रेल्वेच्या बाटलीबंद पाण्याचा, म्हणजे रेलनीरचा, कारखाना आहे. तेथून ती अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला वळसा घालते. मंदिरातील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला. साडेनऊशे वर्षांपूर्वी कारागिरांनी एवढे मोठे काम या ठिकाणी उभे केले तेव्हा शेजारी वाहते, पिण्याजोगे पाणी होते हे उघड आहे. पुढे औद्योगिक वसाहत लागते, मग उल्हासनगर, मग कल्याण आणि खाडी. वरच्या टोकाला जे पाणी बाटलीत भरून प्रवाशांना विकतात, तेच पाणी खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत काळे, कधी तांबडे, कधी निळे होते. मुलांना आम्ही वहीत ही नदी एका पानावर आडवी काढायला सांगितली आणि प्रत्येकाने आपले घर, आपली शाळा, आपल्या वडिलांचे कामाचे ठिकाण त्यावर दाखवायचे. पन्नास मुलांच्या वह्या एकमेकींना लावून टेबलावर मांडल्या तेव्हा नदीचा दोन्ही काठ घरांनी भरून गेला होता. एकही अस्वल नव्हते.

येथे आमची पहिली चूक सांगतो. उत्साहाच्या भरात आम्ही मुलांना थेट काठावर नेले. लिटमस कागद, काचेच्या बाटल्या, सगळी तयारी होती. हातमोजे मात्र नव्हते. दोन मुले बाटली भरायला खाली उतरली आणि संध्याकाळी त्यांच्या पायाला खाज सुटली. पालक शाळेत आले, आणि त्यांनी आम्हाला जे सुनावले ते योग्यच होते. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस याच नदीत रात्री रसायन ओतले गेले आणि वडोल भागातील शेकडो लोकांना श्वास कोंडणे, मळमळ, उलट्या यांमुळे रुग्णालयात न्यावे लागले होते. हे माहीत असूनही आम्ही मुलांना पाण्यात उतरू दिले. तेव्हापासून आमचा नियम आहे: नमुना शिक्षकाने काढायचा, दोरीला बांधलेल्या बाटलीने, पुलावरून. मुलांनी फक्त पाहायचे, वास घ्यायचा, तोही लांबून, आणि नोंद करायची. पावसाळ्यात काठावर जायचेच नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि ती उत्तरपत्रिका तपासताना लक्षात आली. प्रश्न होता, हवामानबदलाची कारणे लिहा. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले, 'वालधुनी नदी दूषित झाल्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढले.' काहींनी ओझोनच्या छिद्रातून ऊन आत येते असे लिहिले. दोष मुलांचा नव्हता. आम्हीच नदी, कचरा, प्लॅस्टिक, धूर, ओझोन, सगळे एका गाठोड्यात बांधून त्यांच्या डोक्यावर दिले होते. नदी काळी होणे ही एक गोष्ट आहे, हवामान बदलणे ही दुसरी. ओझोनचा थर ही तिसरी. नदीतले रसायन नदीला मारते, ते पृथ्वी तापवत नाही. हे स्पष्ट न करता 'सगळे प्रदूषणच' असे म्हणणारा शिक्षक मुलांच्या मनात कळवळा निर्माण करील, पण ज्ञान देणार नाही. आणि नुसत्या कळवळ्यावर पुढे जाऊन कोणाशी वाद घालता येत नाही.

मग पृथ्वी तापते ती कशी? आमच्या एका सहकाऱ्यांनी गोधडीचे उदाहरण काढले, ते मुलांना पटकन समजले. गोधडीत स्वतःची उष्णता नसते. अंगातली उष्णता बाहेर जाताना ती अडवते, म्हणून ऊब येते. हवेतील कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ हे वायू पृथ्वीवर गोधडीसारखे पसरलेले आहेत. ही गोधडी वाईट नाही. ती नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली 18 अंशांच्या आसपास असते, आज ते सुमारे 15 अंश आहे. प्रश्न गोधडी जाड होण्याचा आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने 1958 साली हवाईच्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली तेव्हा ते 315 च्या घरात होते. आता 420 च्या वर आहेत. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने आणि जंगले तोडल्याने ही वाढ झाली. जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबाप्रमाणे 2024 हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले होते.

जाता जाता विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट. दोन बाटल्या घ्यायच्या, एकीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून कार्बन डायऑक्साइड करायचा, दोन्ही दिव्याखाली ठेवायच्या आणि कोणती जास्त तापते ते पाहायचे, असा प्रयोग प्रदर्शनात नेहमी दिसतो. आम्हीही तो अनेक वर्षे केला, टाळ्याही मिळवल्या. पण त्या बाटलीत तापमान वाढते ते बहुतांशी हा वायू हवेपेक्षा जड असल्याने आणि आतली हालचाल मंदावल्याने. गोधडीचा परिणाम त्यात जवळजवळ दिसत नाही. उत्तर बरोबर आणि कारण चुकीचे, असा तो प्रयोग आहे. आम्ही तो बंद केला. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे ज्या परंपरेत शिकवले गेले त्या परंपरेच्या व्यासपीठावरून हे कबूल करायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आता पावसाकडे येतो, कारण आपल्या तिन्ही शहरांचा खरा संबंध तेथेच येतो. 26 जुलै 2005 हा दिवस येथील चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास आणि वालधुनी दोन्ही फुगल्या आणि आपल्याकडची घरे पाण्यात गेली. हा आकडा मुलांना सांगितला की मुले मान डोलावतात. 944 मिलिमीटर म्हणजे किती, असे विचारले की गप्प होतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एवढे सूत्र फळ्यावर लिहिले आणि म्हटले, आता आपापल्या घराचे छप्पर मोजा. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरे दहा बाय बाराची खोली. म्हणजे 120 चौरस फूट, म्हणजे अकरा चौरस मीटरांहून थोडे जास्त. गुणाकार करा: साडेदहा हजार लिटर. उन्हाळ्यात वस्तीत येतो तो पाण्याचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो. त्या एका दिवसात प्रत्येक खोलीच्या छपरावर एक अख्खा टँकर ओतला गेला होता. हे गणित सुटले तेव्हा वर्ग काही क्षण शांत होता. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, आणि उन्हाळ्यात त्याच टँकरसाठी भांडणं होतात." आमच्या नियोजनात हे वाक्य नव्हते. त्या तासाचा सारांश मात्र तेच होते.

त्याच दिवशी कुलाब्याला केवळ 73 मिलिमीटर पाऊस झाला होता. हेही आम्ही मुद्दाम सांगतो. एकाच शहरात एवढा फरक. म्हणून एका दिवसाचा पाऊस पाहून 'हा हवामानबदल' असे म्हणायचे नाही. आजचा पाऊस हे आजचे हवामान. तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवल्यावर दिसते तो बदल. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, त्यामुळे पडतो तेव्हा जोरात पडतो, हे भौतिकशास्त्र. आणि 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, हे 2017 साली प्रसिद्ध झालेले भारतीय शास्त्रज्ञांचे संशोधन. ही दोन्ही पावले एकामागून एक घेतली की मुलाला स्वतःला निष्कर्ष काढता येतो.

मात्र पुराचा सगळा दोष आकाशाला देऊन चालत नाही. बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती, 2011 मध्ये ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली, आणि त्यानंतर तर किती इमारती उभ्या राहिल्या ते आपण लोकलच्या खिडकीतून पाहतोच. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि एक हजारांहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. लोहमार्ग तेथे शंभराहून अधिक वर्षे आहे. शिवारे जाऊन भराव आले, ओढे बुजले, आणि पाणी पसरायची जागा कमी झाली. मुलांना आम्ही पूररेषा शिकवतो. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. घर घेताना जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. '25 वर्षांतून एकदा' हे ऐकून लोकांना वाटते, पूर येऊन गेला, आता 25 वर्षे निश्चिंती. तसे नसते. दर वर्षी शक्यता 4 टक्के, मागच्या वर्षी आला तरी या वर्षी 4 टक्केच. मग 25 वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता किती? दहावीच्या मुलांनी संभाव्यतेच्या तासाला काढली: 64 टक्के. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत, न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता जास्त. आणि ही 4 टक्क्यांची मोजणी जुन्या पावसावरून केलेली. पाऊस बदलला तर रेषाही बदलणार. एका मुलाचे वडील त्याच महिन्यात नदीकाठी घर पाहत होते. पुढे काय झाले ते आम्ही विचारले नाही, पण पूररेषेचा नकाशा मागायला ते नगरपालिकेत गेले एवढे कळले.

आता विजेच्या बिलाची गोष्ट. मुलांना घरचे विजेचे बिल आणायला सांगितले. आपल्या देशात वीज बव्हंशी कोळशावर होते, त्यामुळे एक युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बहुतेक बिले महिन्याला शंभर युनिटांच्या आतली. आम्ही नेहमीच्या पद्धतीने म्हणणार होतो, 'पंखे बंद करा, वीज वाचवा.' तेवढ्यात आठवले की आदल्याच आठवड्यात याच मुलांनी पत्र्याच्या खोल्यांतले तापमान मोजून आणले होते. (एकाने थर्मामीटर उन्हात टांगला होता. त्याला सावलीत का मोजायचे ते समजावून पुन्हा मोजायला लावले.) दुपारी तीनला पत्र्याखालचा पारा बाहेरच्या पिंपळाखालच्या पाऱ्यापेक्षा वर होता, प्रत्येक वहीत. त्या खोलीत तान्हे मूल झोपलेले असते आणि आम्ही सांगणार पंखा बंद करा! आम्ही ते वाक्य गिळले.

त्याऐवजी जगाचा हिशोब फळ्यावर मांडला. एका अमेरिकन माणसामागे वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड, जगाची सरासरी साडेचार टनांच्या थोडी वर, भारताची सुमारे 2 टन. आणि भारताच्या सरासरीत वातानुकूलित इमारती, विमाने, मोठ्या गाड्या सगळे आले, दहा बाय बाराची खोली त्या सरासरीच्या पुष्कळ खाली. मुलांनी स्वतःच विचारले, मग आम्ही काय करायचे? आम्ही म्हणालो, वीज वाया घालवू नका, कारण बिल तुमच्या आईला भरायचे असते. पण पृथ्वी तुमच्या पंख्याने तापली असा अपराधी भाव मनात घेऊ नका. तुमचे काम आहे हा हिशोब समजून घेणे, आणि जेथे निर्णय होतात तेथे तो मांडता येईल इतके शिकणे. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर ऊन परावर्तित होते आणि खोली थोडी गार राहते, हेही सांगितले. दोन-तीन घरांनी केले.

बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या या संस्थेत पाण्याचा विषय निघाला की महाडचे चवदार तळे आठवणे साहजिक आहे. 20 मार्च 1927 चा तो सत्याग्रह हा पाण्यावरच्या हक्काचा होता. परंतु बाबासाहेबांचे पाण्याविषयीचे दुसरे काम आपण फारसे सांगत नाही. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना सिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्यातील पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांची एकत्रित योजना त्यांच्या काळात आकाराला आली, आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ 1945 साली स्थापन झालेल्या आयोगात आहे. संपूर्ण नदीचे खोरे हे एकच एकक मानून विचार करायचा, ही ती दृष्टी. काकोळ्याचे धरण एकाच्या ताब्यात, कारखाने दुसऱ्याच्या, गटारे तिसऱ्याच्या, अशी वालधुनीची आजची अवस्था पाहिली म्हणजे हा माणूस किती पुढचे पाहत होता ते कळते. हक्क आणि नियोजन, दोन्ही बाजू विद्यार्थ्यांनी वाचल्या पाहिजेत.

शेवटी त्या मुलीचा प्रश्न. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना दंड ठोठावला. 'वनशक्ती' या संस्थेने ते प्रकरण लढवले होते. पुढे 2018 च्या सुमारास उल्हासनगरमधील जीन्स धुण्याचे अनेक कारखाने बंद झाले. 2019 च्या पावसाळ्यानंतर नववीच्या वर्गात आम्ही हे मोठ्या अभिमानाने सांगत होतो, की पाहा, नागरिक न्यायालयात गेले तर नदीला न्याय मिळतो. एक मुलगी उभी राहिली. एरवी फारशी न बोलणारी. ती म्हणाली, "सर, माझे पप्पा वॉशिंगमध्ये होते. त्यांची नखं कायम निळी असायची. कारखाना बंद झाला तेव्हा ते सात महिने घरी बसले. नदीला न्याय मिळाला हे बरोबर आहे. पण पप्पांचं कुठल्या धड्यात आहे?"

आम्ही म्हणालो, "हे अभ्यासक्रमाच्या बाहेरचं आहे. बस खाली." होय, असेच म्हणालो. ती बसली.

मधल्या सुट्टीत आमचे आम्हालाच राहवेना. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात तिची क्षमा मागितली आणि प्रश्न फळ्यावर लिहिला. तेवढ्यात वडोलकडचा एक मुलगा उठला आणि रागाने म्हणाला, "माझ्या आजीला त्या रात्री दवाखान्यात नेलं होतं. सगळे बंदच करायला पाहिजेत." दोघेही खरे बोलत होते. दोघे एकाच बाकाच्या अंतरावर बसत. त्या क्षणी आमच्याकडे कोणतेही सुभाषित नव्हते.

आम्ही त्या मुलीच्या वडिलांना निरोप पाठवला. ते येतील असे वाटले नव्हते. पण शनिवारी ते इस्त्री केलेला शर्ट घालून आले, खुर्चीवर बसायला तयार नव्हते, उभ्यानेच बोलले. कोरी जीन्स जुनी दिसण्यासाठी किती वेळा धुतात, त्यात ब्लीच केव्हा जाते, दगड केव्हा जातात, पोटॅशियम परमँगनेट फवारताना नाकाला काय होते, एवढे सगळे त्यांनी सांगितले. मुलांना रसायनशास्त्रातले ऑक्सिडीकरण त्या दिवशी समजले. कोणीतरी विचारले, "काका, पाणी साफ करायचं यंत्र का नव्हतं?" ते म्हणाले, "छोट्या मालकाला ते परवडत नाही. दहा जणांनी मिळून लावलं असतं तर परवडलं असतं. पण आम्हा कामगारांना कोणी काही विचारलं नाही. चालू होतं तेव्हाही नाही, बंद केलं तेव्हाही नाही." आणि मग त्या मुलाकडे वळून म्हणाले, "तुझ्या आजीची तब्येत आता कशी आहे?"

त्यानंतरच्या चार तासांत मुलांनी हिशोब केला. जीन्स स्वस्त मिळाली कोणाला? नफा कोणाला? औषधपाण्याचा खर्च कोणाला? बंदीचा भार कोणावर? नदी साफ करण्याचा खर्च जीन्सच्या किमतीत धरला असता तर एका जोडीमागे किती आला असता? नेमका आकडा निघाला नाही, कारण माहिती अपुरी होती, आणि आम्ही तो ओढूनताणून काढू दिला नाही. पण आम्हा शिक्षकांच्या एक गोष्ट लक्षात आली. भारताने 2070 सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. त्यासाठी कोळसा कमी करावा लागेल, आणि तो करावाच. तेव्हा चंद्रपूर, वणी, नागपूरच्या खाणींतल्या कामगारांच्या घरी अशीच एखादी मुलगी असेल. तिचा प्रश्न आमच्या नववीच्या वर्गात आधीच विचारला गेला आहे. तो अभ्यासक्रमाच्या बाहेरचा कसा?

ती मुलगी पुढे विज्ञान शाखेत गेली. वडील आता लांबच्या कारखान्यात पहाटेच्या गाडीने जातात. तो मुलगा आणि ती एकमेकांचे मत पटवून घेऊ शकले नाहीत, निदान आमच्यासमोर तरी नाही.

आता संस्थेकडे एक मागणे आहे आणि मग आम्ही थांबतो. आमच्या शाळांच्या गच्च्यांना सुट्टीत कुलूप असते, त्यामुळे पावसाच्या नोंदीत दर वर्षी गणपतीत आणि दिवाळीत खाडे पडतात. खंड पडलेली नोंद पुढे उपयोगाची राहत नाही. या विहाराची गच्ची मात्र बारा महिने उघडी असते आणि अभ्यासिकेत रोज सकाळी मुले येतात. पर्जन्यमापक आम्ही देतो. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचे, मिलिमीटरमध्ये लिहायचे, पाऊस नसेल तर शून्य लिहायचे, रकाना रिकामा सोडायचा नाही, आणि खाली सही करायची. आज सुरू केले तर आता पाचवीत असलेली मुले पदवीधर होतील तेव्हा आपल्या हाती आपल्याच गच्चीवरचा दहा-बारा वर्षांचा पाऊस असेल. वही आम्ही सोबत आणली आहे, रकाने आखून ठेवले आहेत. उद्या सकाळी साडेआठला कोण येणार, तेवढे नाव आता येथेच सांगा, म्हणजे पहिल्या ओळीत लिहून टाकतो.

जयभीम.